टॉप क्वार्कच्या जोडीतला स्पिन सहसंबंध: नागपूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

नागपुरात एम.एस्सी.च्या मुलांना कणभौतिकी शिकवताना काही प्रश्न दरवर्षी ठरल्यासारखे येतात. २०२४ च्या सप्टेंबरात टॉप क्वार्कच्या क्वांटम एन्टँगलमेंटची (दोन कणांच्या अवस्था एकमेकींत गुंतण्याची) बातमी छापून आल्यापासून बी.एस्सी.ची मुलेही विचारू लागली, एकदोघांचे पालकही. प्रत्येकाला तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेले बरे, म्हणून हे पान. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत. जिथे गंमत आहे तिथे मी रेंगाळलो आहे.

नेमके काय मोजतात?

जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे एलएचसीमध्ये, दोन प्रोटॉन आदळले की कधीकधी एक टॉप क्वार्क (सहा जातींच्या क्वार्कांपैकी सर्वांत जड मूलकण) आणि एक प्रति-टॉप (त्याचा प्रतिकण) अशी जोडी तयार होते. दोघांचाही स्पिन, म्हणजे कणाचा अंगभूत कोनीय संवेग, १/२. एकट्या टॉपकडे पाहिले तर त्याचा स्पिन कोणत्याही दिशेला जवळजवळ सारख्याच वेळा सापडतो, कल असा काही नसतो. पण दोघांचे स्पिन एकत्र पाहिले तर ते एकमेकांशी स्वतंत्र नसतात. एकाचा वर असेल तर दुसऱ्याचा वर असण्याची आणि खाली असण्याची शक्यता सारखी राहत नाही. हा फरक किती, कोणत्या अक्षावर, आणि जोडीची ऊर्जा बदलली की तो कसा बदलतो, एवढेच मोजायचे असते. करायला वर्षे लागतात.

टॉपच का? बाकी पाच क्वार्कांचे स्पिन का मोजत नाहीत?

कारण बाकीचे सापडतच नाहीत. क्वार्क जन्मला की थोड्याच वेळात इतर क्वार्क-ग्लुऑनांना (ग्लुऑन म्हणजे क्वार्कांना बांधणाऱ्या प्रबळ बलाचे वाहक) ओढून हॅड्रॉन, म्हणजे प्रोटॉनसारखा बांधलेला कण, बनतो, आणि त्या गदारोळात मूळच्या स्पिनची बहुतेक माहिती पुसली जाते.

टॉप मात्र इतका जड आहे (वस्तुमान जीईव्ही या ऊर्जेच्या एककात सुमारे १७२.५, म्हणजे सोन्याच्या अणूच्या आसपास) की तो हॅड्रॉन बनण्याआधीच मरतो. त्याचे आयुष्य सेकंदांत लिहायचे तर दशांशचिन्हानंतर २४ शून्ये आणि मग ५. हॅड्रॉन बनायला याच्या काही पट वेळ लागतो, आणि प्रबळ बलाने स्पिनची दिशा विस्कटायला हजार पटींहून जास्त. त्यामुळे जन्मताना जो स्पिन होता तोच घेऊन टॉप फुटतो, आणि त्याच्या तुकड्यांच्या दिशांमध्ये ती माहिती उतरते. नग्न क्वार्कचा स्पिन वाचायची अशी सोय निसर्गाने एकाच ठिकाणी ठेवली आहे.

पण स्पिन तर दिसत नाही. मग तो वाचतात कसा?

टॉप जवळजवळ प्रत्येक वेळी डब्ल्यू बोसॉन आणि बॉटम क्वार्क यांत फुटतो. डब्ल्यू पुढे कधी इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन आणि न्यूट्रिनो देतो, तर बहुतेक वेळा दोन क्वार्क. हा सगळा क्षय दुर्बल बलाने होतो, आणि दुर्बल बल डाव्या-उजव्यात भेदभाव करते. त्यामुळे तुकडे सगळ्या दिशांना सारखे उडत नाहीत. टॉपच्या स्पिनच्या दिशेशी त्यांचे नाते असते.

हे नाते किती घट्ट आहे ते सांगणाऱ्या आकड्याला स्पिन विश्लेषण क्षमता म्हणू. विद्युतभारित लेप्टॉनसाठी (इथे इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन) ती जवळजवळ १ आहे, म्हणजे कमाल. बॉटम क्वार्कसाठी वजा ०.४ च्या आसपास, न्यूट्रिनोसाठी वजा ०.३ च्या आसपास. डब्ल्यूमधून निघालेला डाऊन जातीचा क्वार्कही लेप्टॉनइतकाच चांगला असतो, पण जेट (क्वार्कमधून निघालेला कणांचा झोत) पाहून तो डाऊन होता की अप हे ओळखणे महाकठीण. म्हणून सगळे लेप्टॉनच्या मागे लागतात. विद्युतभार असल्याने तो डिटेक्टरमध्ये स्वच्छ दिसतो, आणि स्पिनची बातमीही तोच सर्वांत खरी आणतो. असा योगायोग कणभौतिकीत फार वेळा होत नाही.

सूत्र साधे आहे. टॉपच्या स्वतःच्या स्थिर चौकटीत लेप्टॉन आणि स्पिनचा अक्ष यांमधला कोन थीटा असेल, तर वितरण १/२ (१ + अल्फा × पी × कॉस थीटा) असे येते. अल्फा ही विश्लेषण क्षमता, पी हे ध्रुवीकरण, म्हणजे स्पिनचा त्या अक्षाकडे असलेला कल. प्रति-टॉपसाठी अल्फाचे चिन्ह उलटे होते. हे उलटे चिन्ह लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इथे थोडे विषयांतर. गांधीसागराजवळच्या रामन विज्ञान केंद्रात आपण सगळे शाळेच्या सहलीला जाऊन आलो. रामन हिशेब खात्यात अधिकारी असताना १९१० च्या सुमारास त्यांची बदली नागपूरला झाली होती, हेही बऱ्याच जणांना माहीत असते. फारसे सांगितले जात नाही ते असे की १९३१ मध्ये रामन आणि भगवंतम यांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून फोटॉनला स्पिन असल्याचा प्रायोगिक पुरावा मांडला होता. फोटॉनचा स्पिन कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. प्रकाश विखुरल्यावर जे दिसते त्यावरून मागे जाऊन तो ओळखला. टॉपच्या बाबतीत यंत्रे बदलली आहेत, तर्काची जात तीच आहे.

एका जोडीचा स्पिन सहसंबंध किती असतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याला उत्तर नाही. एका जोडीतून दोन लेप्टॉन दोन दिशांना गेले, एवढेच कळते. सहसंबंध हा गर्दीचा गुणधर्म आहे. संध्याकाळी बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, एका माणसाकडे बघून लोंढा कुठे चालला आहे हे सांगता येत नाही, उड्डाणपुलावरून खाली पाहिले की ओघ दिसतो. तसेच इथे लाखो जोड्यांचे कोन एका आलेखावर मांडले की एक उतार दिसतो. तो उतार म्हणजे सहसंबंध. आडवी रेघ आली तर सहसंबंध शून्य.

जन्मतानाच दोघांचे स्पिन का जुळतात?

जोडी कशातून जन्मली यावर ते ठरते. एलएचसीमध्ये १३ टीईव्ही (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही) ऊर्जेला सुमारे ९० टक्के जोड्या दोन ग्लुऑनांच्या मीलनातून होतात. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमधल्या टेव्हाट्रॉनमध्ये प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन आदळत, तिथे सुमारे ८५ टक्के जोड्या क्वार्क-प्रतिक्वार्कच्या विलोपनातून होत.

क्वार्क-प्रतिक्वार्कमधून मध्ये एक ग्लुऑन तयार होतो, त्याचा स्पिन १, म्हणून टॉपच्या जोडीचा एकूण स्पिनही १ येतो. ही झाली ट्रिप्लेट अवस्था. दोन ग्लुऑनांमधून जोडी बनवायला लागणारी किमान ऊर्जा, म्हणजे टॉपच्या वस्तुमानाची दुप्पट, तिच्या उंबरठ्यावर चित्र उलटे असते. तिथे एकूण स्पिन शून्य असलेली सिंगलेट अवस्था वरचढ ठरते, आणि दोघांचे स्पिन कोणत्याही अक्षावर विरुद्ध सापडतात. ऊर्जा खूप वाढवली की ग्लुऑनांमधूनही ट्रिप्लेट मिळू लागते.

म्हणजे टेव्हाट्रॉन आणि एलएचसी एकाच गोष्टीची दोन वेगळी रूपे मोजत होते. एकाचा आकडा दुसऱ्याशी सरळ ताडून पाहू नका. परीक्षेत दरवर्षी कुणीतरी तसे करते.

अक्ष कोणता घ्यायचा?

एलएचसीमध्ये बहुधा हेलिसिटी अक्ष, म्हणजे जोडीच्या वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत टॉप ज्या दिशेने जातो ती दिशा. त्याला लंब असे आणखी दोन अक्ष घेतले की टॉपचे तीन आणि प्रति-टॉपचे तीन मिळून नऊ आकड्यांचा सहसंबंध आव्यूह (मॅट्रिक्स) बनतो. शिवाय दोघांच्या ध्रुवीकरणाचे तीन-तीन आकडे. असे एकूण १५. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाने २०१९ मध्ये १३ टीईव्हीच्या २०१६ सालच्या टक्करींमधून हे पंधराही आकडे एकत्र मोजून मांडले. माझ्या मते या विषयात एकच शोधनिबंध वाचायचा असेल तर तो वाचावा. मथळ्यात झळकलेला नाही, पण पाया तोच आहे.

सगळीकडे ‘डी’ दिसतो. तो काय?

दोन्ही लेप्टॉनांच्या दिशा आपापल्या टॉपच्या स्थिर चौकटीत नेऊन ठेवा. त्या दोन दिशांमधला कोन फाय. त्याचे वितरण १/२ (१ − डी × कॉस फाय) असे येते. एकच आकडा, एकच उतार. नऊ आकड्यांच्या आव्यूहाच्या कर्णाची बेरीज त्यात सामावलेली असते. शुद्ध सिंगलेट असेल तर डी बरोबर −१. दोघांचा काही संबंधच नसेल तर ०. आणि कॉस फायची सरासरी नेहमी −डी/३ येते, हे दोन ओळींचे समाकलन घरी करून पाहा.

सिंगलेटमध्ये स्पिन विरुद्ध, तरी लेप्टॉन एकाच दिशेला का झुकतात, हे अनेकांना उलटे वाटते. मघाचे उलटे चिन्ह आठवा. धन लेप्टॉन टॉपच्या स्पिनच्या बाजूने जातो, ऋण लेप्टॉन प्रति-टॉपच्या स्पिनच्या विरुद्ध. दोनदा उलटले की सरळ.

सगळ्या ऊर्जांच्या जोड्या एकत्र घेतल्या तर सीएमएसला डी −०.२३७ मिळाला. फक्त उंबरठ्याजवळच्या घेतल्या की तो बराच खाली जातो. त्याबद्दल पुढे.

न्यूट्रिनो तर सापडत नाहीत. मग टॉपची चौकट कशी मिळते?

खरे कष्ट इथे आहेत, आणि बातम्यांत याची एक ओळही नसते.

दोन्ही डब्ल्यू लेप्टॉन देतात अशा घटना निवडायच्या. एका बाजूला इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूला म्युऑन असेल तर सर्वांत स्वच्छ, कारण झेड बोसॉनमधून येणारा कचरा टळतो. पण असे थेट घडण्याचे प्रमाण सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. एलएचसीवरच्याच एटलास प्रयोगाने २०१५ ते २०१८ या काळात १४० इन्व्हर्स फेम्टोबार्न (टक्करींचे एकूण प्रमाण मोजायचे एकक) इतक्या टक्करी नोंदवल्या. जोडी बनण्याचा काटछेद, म्हणजे ती बनण्याची शक्यता सांगणारा आकडा, सुमारे ८३० पिकोबार्न, म्हणजे त्यात ११ कोटींहून जास्त जोड्या झाल्या. सव्वादोन टक्के म्हटले तरी पंचवीस लाखांच्या वर. त्यातल्या निवडीच्या चाळणीतून उरतात त्या हातात.

आता त्या प्रत्येक घटनेत दोन न्यूट्रिनो डिटेक्टरला न सांगता निघून गेलेले असतात. दोघांच्या संवेगाचे तीन-तीन घटक, एकूण सहा अज्ञात. समीकरणे किती? आडव्या प्रतलात हरवलेल्या संवेगाची दोन. दोन्ही डब्ल्यूचे वस्तुमान ८०.४ जीईव्ही असावे, ही आणखी दोन. दोन्ही टॉपचे वस्तुमान १७२.५ जीईव्ही असावे, ही आणखी दोन. सहाला सहा. कागदावर सुटले.

प्रत्यक्षात हे चौथ्या घाताचे समीकरण होते, त्याची चारपर्यंत वास्तव उत्तरे येतात. कोणता बॉटम जेट कोणत्या लेप्टॉनबरोबर हेही माहीत नसते, म्हणून सगळे दोनदा. जेटची ऊर्जा थोडी चुकीची मोजली गेली की काही घटनांत वास्तव उत्तरच मिळत नाही. मग जेटच्या ऊर्जा मोजमापाच्या अचूकतेइतक्या हलवून पाहायच्या, प्रत्येक उत्तराला वजन द्यायचे, आणि बऱ्याचदा जोडीचे वस्तुमान सर्वांत कमी येईल ते उत्तर धरायचे. हे शेवटचे का चालते असे एका मुलीने विचारले होते. प्रोटॉनमधले ग्लुऑन बहुतेक कमी ऊर्जेचे असतात, म्हणून कमी वस्तुमानाच्या जोड्या जास्त बनतात, आणि ते उत्तर बरोबर असण्याची शक्यता जास्त.

एवढे करून जो आलेख येतो तो डिटेक्टरने आणि या सगळ्या उलाढालीने पसरवलेला असतो. त्यावरून मूळचा आलेख काढण्याला अनफोल्डिंग म्हणतात. कितव्या चौकोनातली घटना कितव्या चौकोनात गेली याचे कोष्टक सिम्युलेशनमधून घ्यायचे आणि उलटवायचे. सिम्युलेशन चुकले तर उत्तर चुकले.

मग न्यूट्रिनोची भानगडच टाळता येत नाही का?

येते, आणि पहिला मोठा निकाल तसाच मिळाला. दोन लेप्टॉनांचा प्रोटॉन-शलाकेभोवतीचा कोनफरक, डेल्टा फाय, थेट प्रयोगशाळेत मोजायचा. टॉपची चौकट नको, न्यूट्रिनो नकोत. लेप्टॉनची दिशा डिटेक्टर इतकी अचूक मोजतो की अनफोल्डिंगलाही फार काम उरत नाही. स्पिन सहसंबंध असेल तर दोघे एकमेकांच्या थोडे जवळ येतात, नसेल तर जास्त पाठमोरे जातात.

स्वस्तात मिळालेल्या गोष्टीची किंमत नंतर कळली. २०१९ मध्ये एटलासने १३ टीईव्हीला हाच कोन मोजला, तेव्हा सहसंबंध प्रमाण प्रतिकृतीच्या (स्टँडर्ड मॉडेल, कणभौतिकीचा मान्य सिद्धांत) भाकिताच्या सुमारे १.२५ पट आला. नवे भौतिक सापडले की काय, अशी कुजबुज सुरू झाली. भाकितातली अनिश्चितता धरली की फरक २.२ सिग्मा (एक सिग्मा म्हणजे अनिश्चिततेएवढे एक माप) उरत होता. पण त्याच सुमारास सीएमएसने डी मोजला तो भाकिताशी छान जुळला. मग पुढच्या पायरीपर्यंतची किचकट गणना झाली, आणि दिसले की डिटेक्टरच्या आवाक्यात खरोखर पडणाऱ्या लेप्टॉनांपुरता फरक बराच मिटतो. फरक ठळक होता तो न पाहिलेल्या भागापर्यंत आकडा ताणताना. डेल्टा फाय हा नुसता स्पिनवर अवलंबून नसतो, टॉप किती वेगाने उडत होता यावरही असतो. त्या वेगाचे सिम्युलेशन थोडे डळमळीत असेल तर त्याचा दोष स्पिनच्या माथी येतो.

या विषयात मला सर्वांत शिकवणारा प्रसंग हाच वाटतो. मुलांना मात्र एन्टँगलमेंटच ऐकायचे असते.

आतापर्यंतचा इतिहास थोडक्यात?

टॉप सापडला १९९५ मध्ये, टेव्हाट्रॉनवरच्या सीडीएफ आणि डी-झिरो या दोन प्रयोगांत. डी-झिरोने स्पिन सहसंबंध शोधायचा पहिला प्रयत्न केला तो सहा घटनांवर! २००० साली तो छापून आला. सहा घटनांतून काय निघणार, पण वाट कळली. २०१२ मध्ये त्याच प्रयोगाने ३.१ सिग्मा इतका पुरावा दिला, आणि त्याच वर्षी एटलासने ७ टीईव्हीच्या टक्करींत डेल्टा फाय वापरून ५.१ सिग्माने सहसंबंध नसल्याची शक्यता बाद केली. ५ सिग्माच्या पुढे गेले की कणभौतिकीत शोध लागला म्हणतात. पुढचे वर आणि खाली आहेच.

टॉप क्वार्क ‘एन्टँगल्ड’ आहेत म्हणजे काय सिद्ध झाले?

सहसंबंध दोन प्रकारचे असतात. दोन पाकिटांत एक लाल आणि एक निळी चिठ्ठी घातली तर एक उघडून दुसरीचा रंग कळतो. त्यात क्वांटम काही नाही. दोन कणांची एकत्र अवस्था एकेकट्याच्या अवस्थांच्या कोणत्याही अशा मिश्रणातून मांडता येत नसेल तरच तिला एन्टँगल्ड म्हणतात.

डी हाच आकडा ही सीमा दाखवतो. वेगळ्या काढता येणाऱ्या अवस्थांसाठी डी −१/३ च्या खाली जाऊ शकत नाही. गेला तर एन्टँगलमेंट. सगळ्या जोड्यांचा −०.२३७ या सीमेच्या वर आहे, म्हणून एकत्रित आलेखात काही दिसत नाही. उंबरठ्याजवळच्या जोड्या वेगळ्या काढा ही सूचना आफिक आणि दे नोव्हा या दोघांनी २०२० मध्ये मांडली. नवे यंत्र नको, नवी टक्कर नको. दहा वर्षे जो आलेख काढत होतो त्याचाच एक तुकडा कापून पाहा, इतकेच.

एटलासने जोडीचे वस्तुमान ३४० ते ३८० जीईव्ही असलेल्या घटना घेतल्या. डी आला −०.५३७. सांख्यिक अनिश्चितता ०.००२, पद्धतीतली ०.०१९. या दोन आकड्यांतले अंतर पाहा: घटना भरपूर आहेत, अडचण आहे ती प्रतिकृतीत. उंबरठ्याजवळचे टॉप सिम्युलेशनला नीट जमत नाहीत, आणि वेगवेगळी सिम्युलेशने −१/३ ही सीमासुद्धा थोडी वेगळ्या जागी नेतात. म्हणून एटलासने निकाल डिटेक्टरला दिसणाऱ्या स्थिर कणांच्या पातळीवर दिला. तिथे सीमा −०.३२२ होते. अंतर ५ सिग्माहून जास्त. सीएमएसने २०१६ च्या टक्करींत, थोड्या वेगळ्या निवडीने, −०.४८० मोजला आणि ५.१ सिग्मा गाठले.

मग आइन्स्टाइन चुकले हे एलएचसीने दाखवले का?

नाही. ते काम फोटॉनांवर झाले, आणि त्यासाठी आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. बेलची असमता (आइन्स्टाइनना हव्या तशा चित्रात सहसंबंधाला असणारी मर्यादा) मोडायची तर एन्टँगलमेंटपेक्षा जास्त लागते. एकट्या डीवरून सांगायचे तर तो वजा एक भागिले दोनचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे −०.७०७ च्याही खाली जायला हवा. −०.५३७ या दोन सीमांच्या मध्ये आहे.

शिवाय फोटॉनच्या प्रयोगात कोणता कोन मोजायचा हे प्रयोग करणारा ऐनवेळी निवडतो. टॉप आपला आपण फुटतो, लेप्टॉन कुठे पाठवायचा हे तोच ठरवतो, आपण नंतर वाचतो. त्यामुळे ही बेलची चाचणी काटेकोर अर्थाने कधीच होणार नाही, असे मला वाटते. यावर जाणकारांत वाद आहे. ज्यांना तत्त्वचर्चा आवडते त्यांनी त्यात जरूर पडावे.

‘टोपोनियम’ हे काय नवीन?

उंबरठ्यावर टॉप आणि प्रति-टॉप इतके सावकाश असतात की मरण्याआधी एकमेकांना क्षणभर ओढू शकतात. पूर्ण बांधलेला कण नव्हे, पण त्याची सावली म्हणता येईल असे काहीतरी. एलएचसीवर हे कधी दिसणार नाही असे मानून बरीच वर्षे सिम्युलेशनमध्ये ते घातलेच जात नव्हते.

आता एटलासचा आकडा पुन्हा पाहा. त्यांच्या सिम्युलेशनचे भाकीत होते −०.४७०, मोजला −०.५३७. डेटा भाकितापेक्षा जास्त सिंगलेटसारखा. सीएमएसने आपल्या प्रतिकृतीत टोपोनियमसारखा भाग घातला होता, त्यांचे जुळले. मग २०२५ मध्ये सीएमएसने जड हिग्जसारखे कण शोधताना उंबरठ्यावर ५ सिग्माहून जास्त ठळक उंचवटा जाहीर केला. त्याचा काटछेद ८.८ पिकोबार्न, म्हणजे सगळ्या जोड्यांच्या एक टक्क्याच्या आसपास. त्याच वर्षी जुलैत एटलासनेही ९.० पिकोबार्न असा जवळपास तोच आकडा दिला. एक टक्का उंचवटा जेटच्या अचूकतेत सहज बुडाला असता. तो सापडला कारण नुसते वस्तुमान न पाहता लेप्टॉनांचे स्पिन-कोन बरोबर घेतले, आणि सिंगलेटची खूण त्या कोनांत होती.

काहून मोजायचं बा हे सगळं? फायदा काय?

रोजच्या जगण्यात काही नाही. भौतिकीत असा, की स्पिन खोटे बोलत नाही. समजा टॉपइतक्याच वस्तुमानाचा सुपरसिमेट्री या अजून सिद्ध न झालेल्या कल्पनेतला जोडीदार, स्टॉप, खरोखर असता. तो टॉपमध्येच फुटला असता आणि डिटेक्टरमध्ये दोघांचा माग सारखाच दिसला असता. पण त्याचा स्पिन शून्य, म्हणून त्यातून येणाऱ्या टॉपांचा सहसंबंध वेगळा. एटलासने ८ टीईव्हीच्या टक्करींत हेच हत्यार वापरून टॉपच्या वस्तुमानापासून १९१ जीईव्हीपर्यंतचे असे स्टॉप बाद केले. इतर पद्धतींना ती फट दिसतच नव्हती.

यात भारत कुठे आहे? नागपूरहून कसे जायचे?

भारत जानेवारी २०१७ पासून एलएचसी चालवणाऱ्या सर्न प्रयोगशाळेचा सहयोगी सदस्य आहे. सीएमएसच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमापकावर (हॅड्रॉनांची ऊर्जा मोजणारा भाग) मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) पंजाब विद्यापीठाबरोबर काम केले. डी-झिरोतही टीआयएफआर, पंजाब आणि दिल्ली विद्यापीठ होते, म्हणजे टॉपशी आपला संबंध जुना आहे.

वाट अशी: इथल्या विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागातून, विज्ञान संस्थेतून किंवा व्हीएनआयटीतून एम.एस्सी. करताना क्वांटम यांत्रिकी आणि सांख्यिकी पक्की करा. सी++ किंवा पायथन यांपैकी एक तरी हातात बसू द्या. उन्हाळ्यात टीआयएफआरच्या विद्यार्थी संशोधन कार्यक्रमाला अर्ज करा, पीएच.डी.साठी जेस्ट ही प्रवेश परीक्षा द्या. संध्याकाळच्या विदर्भ एक्स्प्रेसने निघालात की सकाळी मुंबईत. मुलाखतीला जाणाऱ्यांना एवढेच सांगतो की तिथे सूत्र विचारत नाहीत, ‘अनिश्चितता कुठून आली’ ते विचारतात.

इथे बसून खरा डेटा हाताळता येतो का?

येतो. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसचा १३ टीईव्हीचा २०१६ चा डेटा आणि त्याबरोबरची सिम्युलेशने खुली आहेत. २०२४ मध्ये एटलासनेही संशोधनासाठी आपला डेटा उघडला. नोंदणी नको, पैसे नकोत. नॅनोएओडी नावाच्या हलक्या स्वरूपातल्या दोन-चार फायली पुरतात, साध्या लॅपटॉपवर उघडतात. मे महिन्यात दुपारी लॅपटॉपला काम लावू नका, पंखा आधी मरतो. रात्री लावून झोपा.

एक इलेक्ट्रॉन, एक म्युऑन, विरुद्ध विद्युतभार, दोन बॉटम जेट एवढी चाळणी लावून डेल्टा फायचा आलेख काढणे हा एका सत्राचा चांगला प्रकल्प होतो. डी काढायला जाऊ नका, न्यूट्रिनोंमध्ये अडकून सत्र संपते.

आणि डेटाला हात लावण्याआधी काय करून पाहावे?

खेळण्यातला प्रयोग. यादृच्छिक संख्या वापरून कॉस फायच्या दहा हजार किमती १/२ (१ − डी × कॉस फाय) या वितरणातून काढा, डी −०.५३७ धरून. सरासरीला −३ ने गुणा, डी परत मिळायला हवा. त्यातली सांख्यिक अनिश्चितता सुमारे १.७ भागिले घटनासंख्येचे वर्गमूळ, म्हणजे दहा हजार घटनांना ०.०१७ च्या जवळपास. मग प्रत्येक कोन थोडा इकडेतिकडे हलवा, डिटेक्टरने केल्यासारखा, आणि उतार किती मावळतो ते पाहा. त्यानंतर त्यात पाच टक्के सहसंबंध नसलेल्या घटना मिसळा आणि पुन्हा पाहा.

कॉस फायची सरासरी ०.१८ च्या आसपास यायला हवी. −०.१८ आली तर प्रति-टॉपच्या लेप्टॉनचे उलटे चिन्ह कुठेतरी विसरले किंवा दोनदा लावले गेले आहे. आधी ते शोधा.